बिडकर साहेबांची आंघोळ

"साहेब अंगाला साबण लावून उभे आहेत आणि पाणी संपलं, तर?" पद्मानं विचारलं.

"तर तू शिडीवर असशील," मी म्हटलं.

"मी?"

"मग काय मी? मी पुढच्या दारात हसत उभी राहणार. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. शिडीवर कान कुणाला दिसत नाहीत."

पद्मा कुरुंदवाडे माझी शेजारीण. टांझानियातल्या इगुंबा नावाच्या लहानशा गावात त्या वेळी आम्ही दोघीच मराठी बायका होतो. साल सत्त्याण्णव. कोल्हापूरकडच्या आमच्या गावातल्या एका मालकांनी तिथली बंद पडलेली सूतगिरणी चालवायला घेतली होती आणि कामाला गावाकडची माणसं नेली होती. माझे यजमान स्पिनिंग मास्तर, पद्माचे मशिनरीच्या देखभालीला. गिरणीत जनरेटर होता, बोअर होती, यंत्रांना कशाची कमी नव्हती. माणसं मात्र गिरणीपासून मैलभर लांब, भाड्याच्या घरांत. तिथं नळाला पाणी आठवड्यातनं एकदा-दोनदा यायचं, आणि कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. वीज रोज संध्याकाळी सातला जायची. जाण्याच्या बाबतीत ती फार वक्तशीर होती. टेलिफोन होता, त्यावर मी भरतकामाचा रुमाल घालून ठेवला होता. दुसरा काही उपयोग नव्हता.

नुकत्याच परत गेलेल्या एका मास्तरांच्या बायकोनं गावी जाऊन मालकांच्या घरी हे सगळं रडून सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच पंचाईत होती. मालकांनी ठरवलं, बायकामुलांना परत आणायचं आणि पुरुषांनी गिरणीतच मेस करून राहायचं. पण त्याआधी ऑफिसातले जुने, भरवशाचे बिडकर साहेब एकदा आपल्या डोळ्यांनी बघून येतील. ते एका रात्रीसाठी आमच्याकडं उतरणार होते.

ही बातमी आणली तेव्हा यजमानांचा चेहरा उजळला होता. "सुटलीस बघ, कुंदा. तुझे हाल तरी थांबतील."

"माझे कुठं हाल होतायत?"

त्यांनी आधी दाराशी ओळीनं लावलेल्या पाण्याच्या कॅनांकडं बघितलं, मग माझ्या तळहातांवरच्या घट्ट्यांकडं.

"अहो, मेसमध्ये काय मिळेल ते ठाऊक आहे ना?" मी म्हटलं. "रोज मक्याची उकड आणि पालेभाजी. तिखट मागितलंत तर टोमॅटो देतील."

यजमान विचारात पडले. त्यांना पुरेल एवढं कारण मी त्यांना दिलं होतं. माझं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पद्मालासुद्धा नाही. पद्माचं मात्र मला ठाऊक होतं. तिला नवऱ्याशिवाय झोप लागत नसे. हे सांगतानाही तिचे कान लाल झाले होते.

आमच्या कटात तिसरी होती ती घरमालकीण, मामा रेहेमा. तिकडं आईला 'मामा' म्हणतात. रेहेमाची आई, म्हणून मामा रेहेमा. माझी मुलगी पल्लवी तेव्हा सहा वर्षांची, म्हणून मी मामा पल्लवी. हे मी माझ्या भावाला पत्रानं कळवलं तर त्यानं उलट लिहिलं, "मग मी कोण?"

मामा रेहेमा अंगानं दांडगी, विधवा, बाजारात कापडाचा गाळा चालवणारी. माझं मोडकं स्वाहिली आणि तिचं चार शब्दांचं इंग्रजी यांवर आमचा संसार चालायचा. आमचा बेत ऐकल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पाहुण्याला खोटं कशाला सांगायचं? आम्ही पाहुण्याला 'पोले' म्हणतो. पोले, पाणी नाही. पोले, वीज नाही. पाहुणाही म्हणतो, पोले. संपलं."

पोले म्हणजे 'वाईट झालं हो'. तिकडं ठेच लागली तरी पोले आणि माणूस गेला तरी पोले.

"हा पाहुणा नाही, तपासनीस आहे," मी म्हटलं. "त्यानं एकदा पोले म्हटलं की आम्ही विमानात."

"आणि माझी दोन घरं रिकामी," मामा रेहेमा म्हणाली. "मग गोष्ट वेगळी. मला काय बोलायचं ते शिकव."

मी तिला इंग्रजीत एकच गोष्ट शिकवली, 'ट्वेंटी फोर अवर्स'. पाण्याचं विचारलं की हे म्हणायचं, विजेचं विचारलं तरी हेच. ती दिवसभर गाळ्यावर बसून घोकत होती.

पल्लवीला मात्र आम्ही रेहेमाबरोबर रेहेमाच्या आत्याच्या गावी पाठवलं. पोरीला खरं बोलायची सवय होती.

बिडकर साहेब दुपारी आले. साठीच्या आसपासचे, ठेंगणे, पांढरा शर्ट प्रवासातसुद्धा इस्त्रीचा राहिलेला. आमच्या घराशी त्यांचा जुना घरोबा, माझ्या सासऱ्यांचे ते मित्र. दारात त्यांनी मामा रेहेमाला नमस्कार केला.

"ह्या घरमालकीण, मामा रेहेमा," मी ओळख करून दिली.

"मामा?" साहेबांनी तिच्याकडं खालून वर बघितलं. मग इंग्रजीत अदबीनं विचारलं, "मुलं किती आपल्याला?"

"ट्वेंटी फोर अवर्स!" मामा रेहेमा म्हणाली.

यजमानांना ठसका लागला. मी साहेबांना हाताला धरूनच आत नेलं.

आमचा फ्रीज कित्येक दिवस गार झाला नव्हता. मी त्यात डाळींचे डबे ठेवायचे. पण त्या दिवशी सकाळी मामा रेहेमानं बाजारातनं बर्फाची लादी आणली होती, गोणपाटात गुंडाळून. डबे काढून लादी आत सरकवली आणि त्यावर पाण्याची बाटली आडवी घातली. साहेबांसमोर गार पाण्याचा पेला ठेवला, बाहेरून घाम फुटलेला. किती दिवसांनी असा पेला बघत होते, माझाच घसा कोरडा पडला.

साहेबांनी एक घोट घेतला आणि पेला नाकाशी नेला.

"सूनबाई, पाण्याला जरा वास येतो का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इगुंब्याच्या बाजारात बर्फ एकाच गाडीतनं येतो, मासळीच्या. आणि साहेब कडक शाकाहारी, चतुर्थीला कांदासुद्धा न खाणारे.

"तळं जवळ आहे ना, साहेब," मी म्हटलं. "इथली हवाच तशी."

"असं होय," म्हणून त्यांनी पेला रिकामा केला. मला जरा वाईट वाटलं. पण फार वेळ वाईट वाटून घ्यायला सवड नव्हती, कारण ते लगेच म्हणाले, "आता मस्तपैकी आंघोळ करतो. म्हणजे, पाणी असलं तर."

"पाण्याला काय तोटा!"

न्हाणीच्या छपरावर प्लॅस्टिकचं पिंप होतं, त्याचा नळ आत. नळाला पाणी आलं की ते पिंप भरायचं, नाहीतर रिकामं वाजायचं. त्या आठवड्यात पाणी आलंच नव्हतं. म्हणून मामा रेहेमानं गल्लीतल्या बायका गोळा केल्या होत्या. कोपऱ्यावरच्या हापशापासून आमच्या परसापर्यंत त्यांची साखळी, कॅन हातोहात येणार, शेवटी शिडी आणि शिडीवर पद्मा. पिंप निम्मं भरून ठेवलेलं होतं. साधा माणूस तेवढ्यात दोनदा न्हाला असता.

बिडकर साहेब साधे नव्हते, गाणारे होते. आतली कडी लागली आणि नाट्यगीत सुरू झालं. सूर लागला तसा त्यांनी नळ पूर्ण सोडला, पाणी धो धो पडायला लागलं, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघतेय तो पद्मा पिंपात डोकावून माझ्याकडं वळली आणि तिनं हात हलवून खुणावलं, तळ दिसतोय.

"ओत!" मी तोंडानं नुसता आकार केला.

पद्मानं ओतलं. खालून कॅन आला, ओतला. पुन्हा आला, ओतला. आतमध्ये अंतरा संपून तान चालू झाली. तान संपता संपेना. साखळीतल्या बायका हसून वाकड्या झाल्या होत्या. एकीनं तर त्या तानेवर ठेकाच धरला. मामा रेहेमा त्यांना दटावत होती आणि स्वतःच पदर... म्हणजे तिच्या खांद्यावरचं ते फडकं तोंडात कोंबत होती.

मी परसात धावले. "झालं का त्यांचं?"

"अजून गातायत!" पद्मा शिडीवरनं कुजबुजली. तिच्या कपाळावरनं घाम गळत होता. "कुंदाताई, माझे हात गेले."

"गेले तर गेले. ओत."

तेवढ्यात गाणं थांबलं. आम्ही सगळ्या जणी होतो तिथं गोठलो. पद्मा कॅन डोक्याशी धरून तशीच उभी.

"सूनबाई!" न्हाणीतनं हाक आली. "पाण्याला प्रेशर भारी आहे हो!"

आणि पुढचं गीत सुरू झालं.

रात्रीच्या जेवणाचा बेत मी आधीच आखला होता. वीज सातला जाणार. गेल्यावर मेणबत्त्या लावल्या तर साहेबांना कळणार, वीज गेली. म्हणून पावणेसातलाच मी सगळे दिवे मालवले, टेबलावर मेणबत्त्या लावल्या आणि म्हटलं, "साहेब, पाहुण्याला मेणबत्तीच्या उजेडात जेवू घालायची इथली रीत आहे. मान असतो तो."

"वा!" साहेब म्हणाले. "छान रीत आहे."

यजमान माझ्याकडं बघत होते. लग्नाला सात वर्षं होऊन गेली तरी ही बाई आपण पुरती बघितलेली नाही, असा तो चेहरा होता. पद्मा वाढायला उभी होती. तिचा उजवा हात वर उचलेना, म्हणून ती भाताचं भांडं डाव्या हातानं धरून उजव्यानं ढकलत होती.

"काय झालं हाताला?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब. झोपेत अवघडला." मेणबत्तीचा हा एक फायदा होता, कान दिसत नव्हते.

सात वाजले. सव्वासात झाले. मी कान देऊन बसले होते. रोज वीज गेली की सगळ्या गल्लीतनं एकदम 'आऽऽ' असा आवाज उठायचा. तो काही उठेना. शेजारच्या घरात रेडिओ वाजत होता, चांगला दणदणीत. समोरच्या दुकानातली ट्यूबलाईट लखलखत होती आणि तिचा उजेड आमच्या खिडकीतनं थेट साहेबांच्या ताटात पडत होता. दोन वर्षांत जी वीज एक दिवस चुकली नाही, ती नेमकी त्या रात्री गेलीच नाही.

साहेबांनी खिडकीकडं बघितलं, मेणबत्तीकडं बघितलं, कपाळावरचा घाम पुसला.

"सूनबाई, रीत खरी. पण निदान पंखा लावला तर चालेल का?"

मी पंखा लावला. मेणबत्त्या सगळ्या विझल्या. मग दिवे लावले. लख्ख उजेडात आम्ही सगळे एकमेकांकडं बघत बसलो आणि दारात उभ्या असलेल्या मामा रेहेमानं छपराकडं बोट करून, जन्मात पहिल्यांदाच खरं खरं म्हटलं, "ट्वेंटी फोर अवर्स!"

दुसऱ्या दिवशी निघताना साहेब एवढंच म्हणाले, "सोय उत्तम आहे. मालकांना तसं सांगतो." पुढच्या महिन्यात गिरणीत निरोप आला, की कुटुंबं आहेत तिथंच राहतील. आम्ही मामा रेहेमाच्या अंगणात साखळीतल्या सगळ्या बायकांना भजी खाऊ घातली. पद्माचा खांदाही तोवर बरा झाला होता.

आणि मग गिरणीच्या फोनवर दुसरा निरोप आला. सासूबाई येणार होत्या.

"बिडकर काका त्यांना भेटले म्हणे," यजमान म्हणाले. ते माझ्याकडं न बघता बुटांच्या नाड्या सोडत होते. "इथली सोय ऐकून तिला यायचंच आहे. तीन महिने राहीन म्हणते."

त्या रात्री मी पुन्हा पुन्हा हिशेब मांडला आणि ठरवलं, या वेळी शिडी नाही, मेणबत्ती नाही, बर्फ नाही. आहे तसं दाखवायचं. आठ दिवसांत कंटाळून परत जातील.

सासूबाई आल्या त्या दिवशी नळ कोरडा होता. वीज तर भर दुपारीच गेलेली. एवढ्या लांबनं आलेल्या बाईपुढं मी हात-पाय धुवायला एक तांब्या ठेवला, आणि मला माझीच लाज वाटली. त्यांनी तांब्या उचलला, बेतानं पाय धुतले, उरलेलं पाणी परसातल्या पपईला घातलं. रात्री कंदिलाच्या उजेडात जेवल्या. मामा रेहेमानं येऊन दोन्ही हातांनी त्यांचे हात धरले आणि म्हणाली, "पोले, मामा. पोले." त्यांना ते काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी यजमान गिरणीत गेले, पल्लवी शाळेत. आम्ही दोघी जेवलो. पदराला हात पुसत सासूबाई म्हणाल्या, "बिडकर भावजी सांगत होते."

"काय, आई?"

"न्हाणीत वर झरोका हाय. त्यातनं शिडी दिसत होती म्हणं. आणि शिडीवर पाय. जोडवी घातलेले."

मी ताटं उचलायला वाकले होते, ती तशीच राहिले.

"मग... मग ते तास-तासभर गात का बसले?"

"मी बी तेच विचारलं. तर म्हणाले, गाणं थांबवलं असतं तर त्या पोरींना कळलं असतं, मला दिसलं म्हणून. लाजेनं मेल्या असत्या. म्हणून मग गातच राहिलो." सासूबाईंच्या तोंडावर हसू नव्हतं, पण डोळे बारीक झाले होते. "मालकांना काही बोलले न्हाईत ते. मला तेवढं सांगितलं."

"म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं? पाणी नाही, वीज नाही?"

"व्हय."

"आणि तरी आलात?"

"म्हणूनच आले." त्यांनी पाट भिंतीकडं सरकवला आणि टेकून बसल्या. "एवढे हाल सोसून माणूस जिथनं हलाय तयार न्हाई, तिथं काहीतरी असणारच. म्हटलं, बघून यावं. दाव मला. काय हाय ते."

थापा मला पटापट सुचायच्या, त्या वेळी एकही सुचली नाही. आणि दाखवायला तरी काय होतं? मी हात धुतले. पुढचं दार लावून घेतलं. खिडकीचा पडदा ओढला आणि आतल्या खोलीत गार फरशीवर चटई पसरली.

"हे," मी म्हटलं.

"चटई?"

"दुपारी मी झोपते, आई."

आणि मग मी बोलतच गेले. आमचं गावाकडचं घर अकरा माणसांचं. सासरे, दीर, चुलत दीर, सगळे सूतगिरण्यांत, सगळ्यांच्या पाळ्या वेगळ्या. पहिली पाळी दुपारी सुटते ती माणसं भुकेली येतात, त्याच वेळी दुसरी पाळी डबा घेऊन निघते. ताटं आटोपतात तोवर चहाची वेळ, मग रात्रपाळीवाल्याला उठवायचं. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून इथं येईपर्यंत एकदाही दुपारी पाठ टेकली नव्हती. बाळंतपण माहेरी झालं, तेवढे दिवस सोडून. "इथं हे गिरणीतच जेवतात. पल्लवी चारला येते. तोवर कुणी येत नाही. कुणी जेवायला मागत नाही. पाणी भरायला मी पहाटे उठते, कॅन वाहते, त्याचं मला काही वाटत नाही. ही एवढी दुपार माझी असते."

"रोज?" सासूबाईंनी विचारलं.

"रोज."

"कुणी हाक मारत न्हाई?"

"नाही."

त्या चटईकडं बघत होत्या. मी आता काय ऐकावं लागतंय म्हणून उभी. त्या अकरा माणसांना मी यायच्या आधी कोण वाढत होतं, हा विचार तोवर माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. तो त्या क्षणी आला, त्यांच्या तोंडाकडं बघताना. रात्रपाळी, पहिली पाळी, दुसरी पाळी. सून म्हणून आल्यापासून केस पांढरे होईपर्यंत.

"सरक," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी चटईवर आडव्या झालो. त्या आधी उताण्या, हात पोटावर, देवळात रांगेत असल्यासारख्या अवघडून. झोपायचं कसं तेच विसरल्यासारखं. मग हळूहळू त्यांचे खांदे जमिनीला टेकले. पुढं त्यांनी तिथला तीन महिन्यांचा मुक्काम वाढवून घेतला, एकदा नाही, दोनदा. गावाकडनं गिरणीत फोनवर फोन आले तरी. पण त्या पहिल्या दुपारी मला ते काही माहीत नव्हतं. मी श्वास धरून पडले होते.

थोड्या वेळानं परसात खरखर झाली, मग बादलीत धार पडायला लागली. नळाला पाणी आलं होतं. गल्लीत आरडाओरड, भांड्यांची पळापळ. मी उठायला लागले.

सासूबाईंनी डोळे न उघडताच माझं मनगट धरलं.

"पड."

"आई, पाणी आलंय. आता गेलं तर पुन्हा आठवडाभर नाही."

"न येईना."

बादली भरली. पाणी काठावरनं ओसंडून परसात वाहत असलेलं ऐकू येत होतं. आम्ही दोघी ते ऐकत पडलो. मग सासूबाईंनी भिंतीकडं कूस बदलली आणि थोड्याच वेळात घोरायला लागल्या.